माझ्या बाजूची गोणी

आमच्या ह्यांना लोक मास्तर म्हणतात. शाळेत एक दिवस शिकवलेलं नाही, पण पाना हातात घेतला की समोरच्याला समजावून सांगायची खोड, म्हणून मास्तर. मी चिडले की मीही मास्तरच म्हणते, आणि हल्ली दुसरं काही म्हणतच नाही. घराच्या मागे आमचं वर्कशॉप. ते फिटर, मी लेथवर. लोखंड कातायचं ते लेथ मशीन माझ्या वडिलांचं. सासरी येताना बाकी काही आणलं नाही, ते तेवढं माझ्याबरोबर आलं, त्यामुळे या घरात मी कुणाच्या बापाला भीत नाही.

आणि मी बोलते. आधीच सांगून ठेवते, नंतर कुणी म्हणायला नको. मशीन चालू असताना मशीनच्या वर आवाज चढवून बोलायची लहानपणापासून सवय, ती मशीन बंद झालं तरी जात नाही. लग्न ठरताना माझ्या आईने ह्यांना सांगितलं होतं, "पोरगी कामाला वाघ आहे, फक्त कानात कापूस घालून ठेवा." सगळे हसले. हेही हसले होते.

आता गाडीचं सांगते. किट कार म्हणतात तिला. म्हणजे अख्खी गाडी कुणी देत नाही. पेट्यांमधून सांगाडा, पत्रे आणि नटबोल्ट येतात, इंजिन-गिअरबॉक्स आपण कुठूनतरी जुनं पैदा करायचं, आणि बसायचं जोडत. दोन माणसांची, बुटकी, छप्पर नाही, दारं नाहीत, पाय उचलून आत जायचं. बसलं की बूड रस्त्याला घासतंय की काय असं वाटतं. आमची लेक शाळेत होती तेव्हा पेट्या आल्या, आणि ती औषधांच्या दुकानात नोकरीला लागली तेव्हा गाडी रस्त्यावर आली. मधली सगळी वर्षं संध्याकाळी काम उरकलं की आम्ही दोघं त्या सांगाड्यापाशी. त्यातला प्रत्येक बुश, प्रत्येक स्पेसर, सांध्यात बसणारं प्रत्येक कडं माझ्या हातचं आहे. शेजारणी म्हणायच्या, "तुम्ही नवराबायको त्या लोखंडात काय बघता गं?" मी म्हणायचे, "तुम्ही टीव्हीत जे बघता तेच, फक्त आमच्यात जाहिराती नसतात."

गाडी झाली आणि रविवार माझा झाला. सकाळी डोक्याला रुमाल बांधून मी ह्यांच्या आधी जाऊन बसायचे. धरणाच्या रस्त्याने जायचं, पाण्याला वळसा घालून परत यायचं. जाताना मी बोलायचे, येतानाही मीच. हे गाडी चालवायचे आणि "हूं" करायचे. मला वाटायचं, ऐकतायत. आठवडाभर गिऱ्हाइकं, मशीन, स्वयंपाक, लेकीच्या वेळा. नवऱ्याच्या शेजारी नुसतं बसायची सबंध आयुष्यात मला एवढी एकच जागा होती, आणि ती मी माझ्या हातांनी बनवली होती. ती कुणी काढून घेईल असं मनातसुद्धा आलं नाही. कोण काढून घेणार?

मग गिअरबॉक्स गेला. जुनाच होता, तिसरा गिअर टाकला की करकरायचा, शेवटी एक दिवस टाकताच येईना. ह्यांनी दुसऱ्या जातीचा पाच गिअरचा मिळवला. तो लांब, त्याची शेपटी वेगळ्या जागी, म्हणजे शाफ्ट आखूड करणं आलं आणि कोन नव्याने बसवणं आलं.

हे कोनांचं प्रकरण सोपं आहे, घाबरू नका. पुढे गिअरबॉक्स, मागे चाकं फिरवणारं डिफरन्शियल, मधे फिरणारा पाइप, तो शाफ्ट. पाइपच्या दोन्ही टोकांना एकेक सांधा. गिअरबॉक्सची शेपटी जेवढी खाली झुकलेली, तेवढंच डिफरन्शियलचं नाक वर उचललेलं हवं. दोघं एकमेकांना समांतर असले की पुढचा सांधा फिरताना जो हिसका देतो तो मागचा फेडून टाकतो. समांतर नसले की हिसके फिटत नाहीत, आणि गाडी साठच्या पुढे गेली की दात वाजेपर्यंत थरथरते. साठच्या आत काही कळत नाही.

आणि मोजायचं कधी? गाडी चाकांवर उभी असताना, आत माणसांचं वजन असताना. ट्रकला दोन माणसांनी काही फरक पडत नाही. पण ही गाडी पत्र्याच्या डब्याएवढी हलकी, आणि सीट अगदी मागच्या ॲक्सलला खेटून. एक माणूस बसला की मागची बाजू थोडी खाली जाते, दुसरा बसला की आणखी खाली, आणि ती खाली गेली की डिफरन्शियलचं नाक फिरतं. म्हणून कोन बसवताना दोन्ही सीटवर आपापल्या वजनाची वाळूची गोणी ठेवायची, गाडीखालच्या खड्ड्यात उतरून कोन मोजायचं गेज लावायचं, आणि गिअरबॉक्सच्या शेपटीखाली लोखंडी पट्ट्या घालून-काढून कोन जुळवायचा. पहिल्या वेळी ह्यांनी मला विचारलं होतं, "तुझं वजन किती?" मी सांगितलं. ह्यांनी माझ्या गोणीत आणखी चार फावडी वाळू टाकली. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तर म्हणाले, "रविवारी रुमालाचं वजन वेगळं असतं ना." इतकी हसले मी! त्या गोण्या अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडलेल्या आहेत.

नवा गिअरबॉक्स आला त्याच आठवड्यात माझ्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. तिला दुसरं कुणी नाही. जायच्या आधी मी शाफ्टच्या टोकाची चकती, म्हणजे फ्लँज, कातून ठेवला, पट्ट्या वेगवेगळ्या जाडीच्या कापून, काठ घासून ठेवल्या, आणि म्हटलं, "मास्तर, मी येईपर्यंत थांबा, कोन आपण दोघं बसवू." हे म्हणाले, "तू निवांत जा. लेक आहे घरात मदतीला."

परत आले तर गाडी तयार. मला कोण आनंद! रविवारी रुमाल बांधून बसले, बहिणीच्या गुडघ्यापासून तिच्या डॉक्टरच्या मिशांपर्यंत सगळं सांगायचं होतं. गाव मागे टाकून वेग घेतला आणि गाडी अशी थरथरायला लागली की माझं बोलणं माझ्याच तोंडात तुटायला लागलं. आरसा फडफडतोय, पायाखालचा पत्रा गुणगुणतोय. हे म्हणाले, "नवीन आहे, मुरेल." पुढच्या रविवारी तेच. मग म्हणाले, "तू उतर इथे, मी एक चक्कर मारून बघतो." गेले आणि आले. "काहीच नाही गं. एकट्याने गुळगुळीत पळतेय."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या वजनाने मागे जास्त बसतेय बहुतेक. बहिणीकडे बसून बसून थोडी वाढलीयस ना." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात नसता ठेवला तर मी तिथल्या तिथे भांडले असते. त्या हातानेच घात केला. मला वाटलं, बिचाऱ्यांना सांगताना किती जड गेलं असेल.

माझी अशी लाज मला कधी वाटली नव्हती. मी जाड आहे हे मला माहीत आहे, लग्नातही होते, आणि कधी कुणाचं काही अडलं नव्हतं. पण आपण बनवलेली गाडीच आपल्याला नको म्हणते हे काही सहन होईना. साखर सोडली. रात्रीचं जेवण सोडलं. दुपारी ताटात दोन घास वाढून घ्यायचे आणि पाणी पिऊन पोट फुगवायचं. लेक म्हणायची, "आई, छान बारीक होतेयस." शेजारीण म्हणायची, "काय गं, सून यायचीय का जावई, एवढी नटतेयस?" मी हसण्यावारी न्यायचे. मधूनमधून एखाद्या रविवारी परीक्षेला बसल्यासारखी गाडीत बसायचे. गाडी थरथरायची. हे म्हणायचे, "आधीपेक्षा कमी आहे." मी उतरायचे. ते एकटे धरणाला जायचे आणि मी फाटकापाशी उभी राहून हात हलवायचे. आणि वर, ते परत आले की मीच विचारायचे, "कशी चालली?" म्हणजे बघा, किती मूर्ख असावं माणसाने.

एका दुपारी मशीनवर उभी असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. चक म्हणजे मशीनचा लोखंड पकडणारा जबडा, त्याची चावी त्यातच राहिली होती आणि मी मशीन चालू केलं. चावी उडाली, माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीचं प्लास्टर उडवून खाली पडली. इतक्या वर्षांत माझ्याकडून असं कधी झालेलं नाही. माझ्या वडिलांनी पाहिलं असतं तर मशीनला हात लावू दिला नसता. मी तिथेच स्टुलावर बसले. आधी रडू आलं, आणि मग, देवाची कृपा, राग आला.

कारण डोकं चालायला लागलं. जुना गिअरबॉक्स होता तेव्हा मी आतापेक्षा जाड होते. तेव्हा गाडी लोण्यासारखी पळायची. मग आता काय झालं? मी म्हणजे काय हत्ती आहे का, की चार किलो इकडेतिकडे झाले तर लोखंड कोलमडावं? माझ्यात खोट नाही. खोट खाली आहे. आणि खाली जाऊन बघायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

हे सामान आणायला बाहेर गेले होते. लेकीला दुकानातून सुट्टी होती, घरातच होती. मी तिला हाक मारली, गाडी खड्ड्यावर घेतली, आणि दोघींनी मिळून ह्यांच्या वजनाची गोणी त्यांच्या सीटवर टाकली. मी खड्ड्यात उतरले, गेज गिअरबॉक्सच्या शेपटीला लावलं, मग डिफरन्शियलच्या नाकाला. जुळले. असे जुळले की केसाचा फरक नाही. मग वर ओरडले, "आता तू माझ्या जागी बस, आणि माझ्या गोणीतली थोडी वाळू मांडीवर घे." ती बसली. पुन्हा गेज लावलं. दोन अंशांचा फरक. दोन अंश! अर्ध्या अंशाला गाडी कुरकुरते, दोन म्हणजे थरथरणारच.

मला एकदम हसूच आलं. खड्ड्यात उभी राहून मी मोठमोठ्याने हसले. "अगं, तुझ्या बापाने माझी गोणीच ठेवली नाही! एकट्याच्या वजनावर कोन बसवलाय! मास्तर म्हणे! आणि मी इथे उपाशी मरतेय. थांब, येऊ देत, आता आयुष्यभर ऐकवते!" इतका आनंद झाला मला. माझं वजन नव्हतं. माझ्यात काही नव्हतं. ह्यांची साधी विसरभोळेपणाची चूक, आणि मी ती कधीच माफ करून टाकली होती.

वरून हसण्याचा आवाज आला नाही. मी डोकं बाहेर काढलं. लेक मांडीवरची वाळूची पिशवी धरून समोर बघत बसली होती.

"आई," ती म्हणाली, "बाबा विसरले नव्हते."

"म्हणजे?"

"गेज मीच धरलं होतं. मी म्हटलं होतं त्यांना, आईची गोणी राहिली. ते म्हणाले, राहू दे."

"राहू दे म्हणजे काय?"

"म्हणाले, रविवारचा एक तास तरी मला एकट्याला मिळू दे. आणि म्हणाले, आईला सांगू नकोस."

मी खड्ड्यातच उभी. हातात गेज. माझ्या पायाखाली आधीच जमीन नव्हती, खड्डाच होता, तरी काहीतरी खाली खाली गेलं.

"आणि मी जेवण सोडलं, ते तू बघत होतीस," मी म्हटलं.

"मला वाटलं, बाबा आज सांगतील, उद्या सांगतील."

"आणि तोवर मला म्हणत होतीस, छान बारीक होतेयस."

ती रडायला लागली. मी काही तिला जवळ घेतलं नाही. कुणाला मारावं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. परक्याने फसवलं असतं तर मी दारात जाऊन शिव्या घातल्या असत्या, पोलीस आणले असते. इथे नवऱ्याने केसाने गळा कापला आणि लेक शेजारी दिवा धरून उभी होती. दोघांनी मिळून, माझ्याच घरात, मी कापून दिलेल्या पट्ट्यांनी. एवढं खरं दुःख मला वडील गेले तेव्हा झालं होतं, आणि तेव्हा निदान सगळे माझ्या बाजूने होते.

"डोळे पूस आणि नीट बस," मी लेकीला म्हटलं. "हलू नकोस." मग शेपटीखालच्या दोन पट्ट्या काढल्या, बोल्ट आवळले, गेज लावलं, पुन्हा सैल करून एक बारीक पट्टी घातली, पुन्हा आवळले. दोघांच्या वजनावर कोन जुळले. लेकीला म्हटलं, "बापासाठी गप्प बसलीस ना, आता रविवारपर्यंत माझ्यासाठी बस."

त्या रात्री मी ताट भरून जेवले. हे म्हणाले, "आज भूक लागलेली दिसतेय." मी म्हटलं, "हो." मनात म्हटलं, सांगा आता. आज सांगा. मी चार दिवस दिले त्यांना. चारही दिवस हे व्यवस्थित जेवले, व्यवस्थित झोपले.

रविवारी मी रुमाल बांधून आधी जाऊन बसले. ह्यांनी मला बघितलं, चेहरा किंचित पडला, पण म्हणाले, "बघू या, आज काय म्हणते." निघालो. गाव मागे पडलं. पन्नास, साठ, सत्तर. गाडी गुळगुळीत. आरसासुद्धा हलेना. हे एकदा माझ्याकडे बघतात, एकदा काट्याकडे. आणखी वेग घेतला. काही नाही. मी एक शब्द बोलले नाही. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण शेजारी बसून मी गप्प राहिले असा तो पहिलाच रस्ता असेल.

धरणाच्या कठड्यापाशी ह्यांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच होतं. म्हणाले, "बघ, मुरली शेवटी. आणि तूही बारीक झालीस ना."

तिथे मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अजून! अजून खोटंच!

"शेपटीखालच्या दोन पट्ट्या काढल्या मी," मी म्हटलं. "माझ्या बाजूचं वजन ठेवून."

ते म्हणाले, "अरे हो, ती गोणी ठेवायची राहिलीच बहुतेक. गडबडीत..."

"मास्तर, गेज लेकीने धरलं होतं."

आता त्यांना कळलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर पाण्याकडे बघत बसले. मी वाट बघितली. मला वाटलं, माफी मागतील, मग मी भांडेन, मग संपेल. माझ्याकडे भांडण तयार होतं, चार दिवस घासून ठेवलेलं.

"तू खूप बोलतेस गं," ते म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते दमून म्हणाले. "सकाळपासून रात्रीपर्यंत. मशीनच्या वरून. मी ऐकतो सगळं. पण मला एक तास काही ऐकायचं नव्हतं. कुणाचंच."

"मग तोंडाने सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू रडली असतीस."

"रडले असते," मी म्हटलं. "मग डोळे पुसून जेवले असते."

माझं अजून संपलं नव्हतं. "माझं बोलणं नको होतं तर बोलण्याला नावं ठेवायची होतीत. अंगाला का ठेवलीत? बोलणं मी कमी केलं असतं, निदान तसा प्रयत्न तरी केला असता. तुम्ही मला उपाशी ठेवलंत. चक्कर येऊन माझं डोकं फुटायचं वाचलं त्या दिवशी, आणि तुम्ही त्या भिंतीला सिमेंट लावून दिलंत, प्लास्टर का पडलं ते विचारलंसुद्धा नाही. गिऱ्हाइकाला कधी अर्ध्या अंशाचं खोटं सांगितलं नाहीत तुम्ही. मला मात्र खांद्यावर हात ठेवून सांगितलंत."

"चुकलं," ते म्हणाले. पाण्याकडेच बघत.

चुकलं म्हणाले, पण त्या बोलण्यात मी कुठेच नव्हते. मला ते बरोबर कळलं. इतका वेळ रडले नव्हते, आताही त्यांना रडताना दिसायचं नव्हतं म्हणून मी पाय उचलून गाडीतून उतरले.

"जा," मी म्हटलं. "आज एकटे फिरून या. मी थांबते इथे."

खरं सांगते, त्यांनी जावं म्हणून मी म्हटलं नव्हतं. बायको असं म्हणते तेव्हा ती काय म्हणते, हे कुठल्याही नवऱ्याला कळतं. मला वाटलं, आता म्हणतील, "वेडी आहेस का? बस गाडीत." एवढेच शब्द. रागावून म्हटले असते तरी चाललं असतं. मी मनात म्हणून ठेवलं होतं, एवढं म्हणाले की मी बसणार, परत घरापर्यंत गप्प बसणार, आणि उद्यापासून बघू.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रस्त्याकडे बघितलं.

"येतो लवकर," म्हणाले, आणि गिअर टाकला.

मी कठड्याला धरून उभी राहिले. गाडी वळणाआड गेली. रस्ता पाण्याला वळसा घालून पलीकडे जातो, आणि पाण्यावरून आवाज स्वच्छ येतो. मला अजून एक आशा होती, हसू नका. आता कोन दोघांच्या वजनावर होते. एकट्याने साठच्या पुढे नेली की ती थरथरणारच, माझी जागा रिकामी आहे हे गाडीच त्यांना सांगणार, आणि ते फिरून येणार. थरथर गं मेले, मी गाडीला म्हटलं. लवकर थरथर. कान देऊन उभी होते मी. पत्र्याची ती गुणगुण मला झोपेतसुद्धा ओळखू येईल.

ती आलीच नाही. इंजिनाचा आवाज येत राहिला, एका लयीत, खालच्या पट्टीत. मग पलीकडच्या काठावर गाडी दिसली. साठ कसले, चाळीससुद्धा नसतील. रस्त्याच्या मधून चालली होती, ह्यांचा एक हात बाहेर काढलेला, वाऱ्यात धरलेला. त्यांना कसलीच घाई नव्हती.